परक्या रणातील आपला जवान

मार्सेलिस हे नाव मराठी माणसाला स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या १९१० मधील उडीमुळे ठाऊक आहे. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १९१४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, त्याच बंदरात हजारो भारतीय सैनिक उतरले. ज्या साम्राज्याच्या कैदेतून सुटण्यासाठी सावरकर समुद्रात झेपावले, त्याच साम्राज्याच्या रक्षणासाठी हे तरुण सातासमुद्रापार आले होते.

पंजाब, गढवाल आणि नेपाळच्या खेड्यांतील या जवानांवर फ्रेंच नागरिकांनी फुले उधळली. पण कौतुकाचे ते दिवस थोडेच ठरले. फ्रान्समध्ये उतरताच हातातल्या जुन्या रायफली जाऊन नव्या आल्या. त्या सरावाच्या होण्यापूर्वीच, ऑक्टोबरअखेर, अनेक पलटणी खंदकांत लोटल्या गेल्या. अंगावर उष्ण प्रदेशासाठी शिवलेला सुती गणवेश, पायाखाली चिखल, हाडे गोठवणारी थंडी आणि सरहद्दीवरील चकमकींत कधीही न अनुभवलेला तोफांचा भडिमार! तरीही ते हटले नाहीत. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जियममधील होलेबेके येथे खुदादाद खान यांनी गाजवलेल्या पराक्रमाने व्हिक्टोरिया क्रॉस प्रथमच भारतीय सैनिकाकडे आला. १० मार्च १९१५ रोजी न्यू शापेल येथे आपल्या तुकडीचा नायक पडताच गढवालचे गब्बर सिंह नेगी यांनी नेतृत्व हाती घेतले आणि तेथेच धारातीर्थी देह ठेवला. त्यांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

शौर्य आपले होते. निर्णय मात्र परक्यांचा होता. युद्ध कोणाशी, कोठे आणि कशासाठी करायचे, हे या देशाला कोणी विचारले नव्हते. पलटणीची सूत्रे गोऱ्या अधिकाऱ्यांच्याच हाती होती. लोकमान्य टिळकांचे दुखणे हेच होते. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत त्यांनी सैन्यसाह्याची सांगड स्वराज्याशी घालताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना रोखले आणि लोकमान्य सभात्याग करून बाहेर पडले.

म्हणून या जवानांना भाडोत्री म्हणून हिणवणे कृतघ्नपणाचे, तर त्यांच्या बलिदानाच्या आडून साम्राज्याचे गोडवे गाणे आत्मविस्मृतीचे ठरेल. न्यू शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक नावे कोरलेली आहेत. गढवालमधील चंबा येथे गब्बर सिंहांच्या स्मरणार्थ मेळा भरतो. एका डोंगरी गावाने जे जपले, ते साऱ्या राष्ट्राने जपायला हवे. त्या तरुणांना आपल्या ध्वजाखाली लढण्याचे भाग्य लाभले नाही. निदान आपल्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान लाभावे.