विश्लेषण : उसाच्या चिपाडाने रंगीत सांडपाणी शुद्ध होईल?

ऑगस्ट 2017 मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत चक्क निळी कुत्री फिरताना दिसली आणि कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या रंगांची देशभर चर्चा झाली. कापड रंगवणाऱ्या शहरांसाठी हा प्रश्न रोजचाच आहे. सांडपाण्यातील रंग उसाचे चिपाड, भाताचे तूस, शेंगांची टरफले यांनी शोषून घेता येतो, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. तरीही अडचण नेमकी कुठे आहे?

रंग सहज का निघत नाही?

ऊन, साबण आणि घाम यांना दाद न देणे हाच चांगल्या रंगाचा गुण. त्यामुळे नेहमीच्या प्रक्रियेतील जिवाणूंनाही तो सहज फोडता येत नाही. सुती कापडाच्या ‘रिॲक्टिव्ह’ रंगांचा काही भाग धाग्याला न चिकटता पाण्यातच राहतो. नदीत रंग मिसळला की प्रकाश खोलवर पोहोचत नाही आणि पाणवनस्पतींची वाढ खुंटते. काही ॲझो रंग विघटित होताना कर्करोगकारक अमाइन्स तयार होतात.

अधिशोषण म्हणजे काय?

स्पंज पाणी आत ओढतो. अधिशोषणात मात्र रंगाचे रेणू पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटतात. म्हणून पृष्ठभाग जितका मोठा, तितका फायदा. एक ग्रॅम चांगल्या सक्रिय कोळशातील सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग सुमारे 1000 चौरस मीटर, म्हणजे सात-आठ कबड्डीच्या मैदानांएवढा भरतो. हा कोळसा महाग असल्याने स्वस्त पर्यायांचा शोध सुरू असतो.

प्रयोगशाळेत जमते, कारखान्यात का नाही?

पहिले कारण विद्युतभाराचे. अनेक प्रयोग मिथिलीन ब्लू या धनभारित रंगावर होतात. चिपाड किंवा तुसाचा पृष्ठभाग साधारणपणे ऋणभारित असल्याने तो रंग पटकन चिकटतो. पण सुती कापडाचे रिॲक्टिव्ह रंग ऋणभारित असतात. त्यांच्यासाठी पृष्ठभागावर रासायनिक संस्कार करावे लागतात आणि खर्च वाढतो. शिवाय चिपाडही फुकट नाही, साखर कारखाने ते वीजनिर्मितीसाठी जाळतात.

दुसरे कारण मीठ. रिॲक्टिव्ह रंग धाग्यावर चढवण्यासाठी पाण्यात भरपूर मीठ घालतात. अधिशोषणाने पाणी नितळ दिसू लागले, तरी त्यातले मीठ तसेच राहते. तमिळनाडूतील तिरुपूरमध्ये नॉय्यल नदीकाठच्या शेतीचे अशाच खारट पाण्याने नुकसान झाले. जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर तेथे पाणी बाहेर न सोडता पुन्हा वापरण्याच्या व्यवस्थेवर भर आला. त्यासाठी आरओ आणि बाष्पीभवन यंत्रणा लागते, विजेचा खर्चही मोठा असतो.

वापरलेल्या पदार्थाचे काय?

अधिशोषणात रंग नष्ट होत नाही, फक्त जागा बदलतो. रंगाने भरलेला पदार्थ उघड्यावर टाकला तर पावसात तोच रंग पुन्हा ओढ्यात उतरू शकतो. कोळसा उच्च तापमानाला तापवून पुन्हा वापरता येतो, पण प्रत्येक वेळी थोडा कमी होतो. स्वस्त पदार्थ सुरक्षित जाळावा किंवा घातक कचऱ्याच्या केंद्रात न्यावा लागतो.

मग उपयोग काय?

प्राथमिक आणि जैविक प्रक्रियेनंतर उरलेला रंग काढण्याचा शेवटचा टप्पा म्हणून अधिशोषण उपयुक्त आहे. इचलकरंजीसारख्या शहरांतील छोट्या कारखान्यांना हा खर्च एकट्याने पेलणे कठीण असल्याने सामायिक प्रक्रिया केंद्रे महत्त्वाची ठरतात. नव्या पदार्थाने किती टक्के रंग निघाला, एवढेच विचारून भागत नाही. खऱ्या सांडपाण्यावर चाचणी झाली का, मीठ कुठे गेले आणि वापरलेल्या पदार्थाची विल्हेवाट कोण लावणार, या तीन प्रश्नांची उत्तरेही मिळायला हवीत.