खाणीच्या तोंडाशी उभा देश

६ ऑगस्ट १८२५ रोजी स्वतंत्र झालेल्या बोलिव्हियाने दोनशे वर्षं ओलांडली. आता उयुनीच्या मिठाच्या मैदानाखालच्या लिथियमवर, म्हणजे आपल्या मोबाइलच्या बॅटरीतल्या धातूवर, जगाचा डोळा आहे. या देशाला हे नवं नाही. १५४५पासून पोटोसीची चांदी स्पेनने नेली, तीही मूळ रहिवाशांना वेठीला धरून. पुढे कथिलाचं राज्य आलं. १९५२च्या क्रांतीनंतर मोठ्या खाणी सरकारजमा झाल्या.

या अंकात आम्ही राष्ट्राध्यक्षांची जंत्री टाळून खाणकामगारांच्या बाजूने हा इतिहास मांडला आहे. जमिनीखालचं धन नेमकं कोणाचं? चंद्रपूरपासून गोव्यापर्यंतच्या वाचकांना हा प्रश्न परका नाही. तुमचं म्हणणं, मतभेदांसकट, जरूर कळवा.