टीव्हीवरचा कार्यक्रम वर्गात दाखवायला शाळेला परवाना लागतो का?

समजा, एका बाईंना सातवीला प्रकाशसंश्लेषण शिकवायचं आहे. आदल्या रात्री टीव्हीवर त्याच विषयावर एक झकास कार्यक्रम लागला. बाईंनी तो रेकॉर्ड केला. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टरवर मुलांना दाखवला. संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि रविवारी स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर अपलोड केला.

व्हिडिओ एकच, पण कायद्याच्या नजरेत ही चार वेगळी कामं आहेत. पहिल्या दोन कामांना भारतात परवाना लागत नाही. चौथं काम थेट अडचणीत आणू शकतं. गंमत म्हणजे, अनेक शिक्षक पहिल्या दोन कामांना घाबरतात आणि चौथं बिनधास्त करतात.

वर्गाच्या आत काय चालतं?

टीव्हीवरच्या कार्यक्रमावर दोन हक्क असतात. एक कार्यक्रम बनवणाऱ्याचा आणि दुसरा तो प्रक्षेपित करणाऱ्या वाहिनीचा. भारताच्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, तर वाहिनीचा प्रक्षेपणाचा हक्क २५ वर्षं. शाळेला दोन्ही हक्कांतून सवलत लागते, आणि कायद्याने ती दिलेली आहे.

कलम ३९ म्हणतं की निव्वळ शिकवण्यासाठी किंवा संशोधनासाठी केलेलं प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग हा वाहिनीच्या हक्काचा भंग नाही. कलम ५२ नुसार शाळेच्या उपक्रमात चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण दाखवता-ऐकवता येतं. अट एवढीच की प्रेक्षक म्हणजे शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित माणसं असावीत. म्हणजे पालकसभेतही चालेल. पण तिकीट लावून गावाला दाखवलं, तर ही सवलत संपली.

‘शिकवणं’ म्हणजे नेमकं काय, यावर मोठी लढाई झाली ती पुस्तकांवरून. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातलं एक झेरॉक्सचं दुकान पुस्तकांतल्या प्रकरणांचे संच विकत होतं. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दावा ठोकला. डिसेंबर २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने सांगितलं की किती पानं घेतली यापेक्षा ती शिकवण्यासाठी गरजेची होती का, हे बघायचं. ते तपासण्यासाठी प्रकरण पुन्हा सुनावणीला गेलं, पण २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

ब्रिटनमध्ये वेगळं गणित

ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यातही शाळांना टीव्ही-रेडिओचे कार्यक्रम रेकॉर्ड करायची सवलत आहे. पण तिला एक खोच आहे. त्या कार्यक्रमासाठी परवाना मिळण्याची सोय असेल आणि शाळेला ते माहीत असायला हवं असेल, तर सवलत लागू होत नाही. हा परवाना देणारी संस्था म्हणजे एज्युकेशनल रेकॉर्डिंग एजन्सी. इंग्लंडमधल्या सरकारी निधीवरच्या शाळांचे पैसे शिक्षण खातं एकरकमी भरतं, खासगी शाळा आपले आपण भरतात.

म्हणजे कागदावर हक्क आहे, पण परवाना बाजारात आला की हक्काची जागा बिल घेतं. तिथे वर्गात कार्यक्रम दाखवण्याची मुभा देणाऱ्या कलमात तर स्पष्ट लिहिलंय की केवळ पालक आहे म्हणून कुणी शाळेशी संबंधित ठरत नाही. आपला कायदा याबाबत जास्त दिलदार आहे.

एका बाबतीत मात्र ब्रिटन पुढे आहे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर तिथे शाळेबाहेरच्या विद्यार्थ्यांपर्यंत सुरक्षित नेटवर्कवरून रेकॉर्डिंग पोचवायला कायद्यातच जागा आहे. आपल्याकडे २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे ‘टिलीमिली’ सह्याद्री वाहिनीवरून घरोघरी पोचली, मोबाइल म्हणजेच वर्ग झाला, तरी शिकवण्याच्या सवलतीत ऑनलाइन वर्गाचा वेगळा उल्लेख आलेला नाही.

मग ग्रुप आणि यूट्यूबचं काय?

ग्रुपवर फक्त त्याच शाळेचे विद्यार्थी आणि पालक असतील, तर कलम ५२ च्या आधाराने बाजू मांडता येते. पण एका पालकाने फॉरवर्ड केलं की व्हिडिओ त्या मर्यादित प्रेक्षकांच्या बाहेर गेला.

यूट्यूबवर तर प्रेक्षक म्हणजे सगळं जग. अख्खा कार्यक्रम तिथे टाकणं ‘वर्गात शिकवणं’ ठरत नाही. शिवाय यूट्यूबची यंत्रणा व्हिडिओ जुळतो का एवढंच आपोआप बघते, तुमचा हेतू बघत नाही. ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आल्या तर चॅनेल बंद होऊ शकतं. ‘फक्त शैक्षणिक हेतूने’ असं डिस्क्रिप्शनमध्ये लिहिल्याने काहीही वाचत नाही. त्यापेक्षा वाहिनीने स्वतः टाकलेल्या व्हिडिओची लिंक द्या. ओटीटीचं प्रकरण आणखी वेगळं. नेटफ्लिक्सचं सदस्यत्व वैयक्तिक वापरासाठी असतं, मात्र आपल्या काही माहितीपटांना ते शैक्षणिक प्रदर्शनाची मुभा देतात. माहितीपटाच्या पानावर तसं लिहिलेलं असतं, ते आधी तपासा.

खरी काळजी इथे आहे

जुलै २०२१ मध्ये संसदेच्या वाणिज्यविषयक स्थायी समितीने बौद्धिक संपदेवर १६१ वा अहवाल दिला. कलम ५२ मधल्या सवलतींमुळे प्रकाशक आणि लेखकांचं नुकसान होतं, असं समितीचं म्हणणं. उपाय काय सुचवला? ही सवलत सरकारी मालकीच्या शिक्षणसंस्थांपुरती ठेवावी आणि कॉपी करण्यावर मर्यादा घालावी.

चर्चेचा रोख पुस्तकांवर होता. पण ‘सरकारी मालकीच्या’ हे शब्द महाराष्ट्रातून वाचले की धक्का बसतो. आपल्याकडे माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार अनुदानित शाळांवर आहे. रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांच्या या शाळांत शिक्षकांचा पगार सरकार देतं, मालकी मात्र संस्थेची असते. ही रेघ तशीच ओढली गेली, तर जिल्हा परिषदेच्या शाळेतली सातवी सवलतीत आणि रस्त्यापलीकडच्या अनुदानित शाळेतली सातवी बाहेर. लेखकाला मोबदला मिळायलाच हवा, पण तो कुणाच्या खिशातून, हे शाळेची मालकी बघून ठरवणं अजब आहे. इंग्लंडमध्ये निदान बिल शिक्षण खातं भरतं. समितीच्या या शिफारशीत असं बिल कोण भरणार, ते लिहिलेलं नाही.