विकलेल्या सामन्याला कायद्यात नाव द्या

मा. केंद्रीय क्रीडामंत्री, मा. केंद्रीय विधी व न्यायमंत्री आणि भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे पदाधिकारी यांस,



ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने एकाच अधिवेशनात दोन कायदे केले. एक राष्ट्रीय क्रीडा संघटनांच्या कारभाराचा, दुसरा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा. दोन्ही हवेच होते. पण पैसे घेऊन सामना किंवा षटक विकणे हा गुन्हा आहे, एवढे एक वाक्य त्या दोन्हींत नाही. त्या वाक्याच्या मागणीसाठी हे पत्र.

नेवाळकर राजांच्या काळापासून झाशीत राहणाऱ्या मराठी घरांपैकी आमचे एक. आयपीएलच्या दिवसांत गल्लीत सामन्यापेक्षा सट्ट्याच्या भावाचीच चर्चा जास्त चालते. कुणी सेशन, म्हणजे ठरावीक षटकांतल्या धावांवरची पैज, ‘लावलेले’ असते, कुणी ‘खाल्लेले’. अधूनमधून छापा पडतो, मोबाइल आणि वह्या जप्त होतात आणि पंचविशीच्या आतला एखादा मुलगा गजाआड जातो. त्याच्यासाठी 1867 चा जुगारविरोधी कायदा आहे. टोळीने अनधिकृत सट्टा चालवला किंवा तिकिटे बेकायदा विकली, तर भारतीय न्याय संहितेचे कलम 112 आहे. त्याच संहितेत सामना विकणाऱ्यासाठी मात्र स्वतंत्र कलम नाही.

याचे परिणाम आपण पाहिले आहेत. 16 मे 2013 रोजी दिल्ली पोलिसांनी राजस्थान रॉयल्सच्या तीन खेळाडूंना पकडले. त्यात मुंबईचा डावखुरा फिरकीपटू अंकित चव्हाण होता. आदल्या रात्री वानखेडेवर मुंबई इंडियन्सविरुद्ध त्याने ठरल्याप्रमाणे एका षटकात धावा दिल्या, असा आरोप होता. त्या कृत्यासाठी नेमके कलमच नव्हते. म्हणून फसवणुकीच्या कलमाबरोबर संघटित टोळ्यांसाठी महाराष्ट्राने 1999 मध्ये केलेला मकोका लावला गेला. जुलै 2015 मध्ये खटला उभा राहण्यापूर्वीच न्यायालयाने साऱ्यांना आरोपमुक्त केले. मंडळाने अंकितवर घातलेली आजन्म बंदी पुढे सात वर्षांवर आली. तो दोषी असेल तर शिक्षा झाली नाही, निर्दोष असेल तर साक्षीपुरावे तपासून कपाळावरचा डाग पुसलाही गेला नाही. कायद्याच्या अभावी दोन्ही बाजूंनी अन्यायच झाला.

जानेवारी 2022 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयापुढे कर्नाटक प्रीमियर लीगमधल्या निकालनिश्चितीचे प्रकरण होते. प्रेक्षकांना फसवल्याची भावना होते हे न्यायालयाने मान्य केले. पण तिकीट प्रेक्षक आपखुशीने काढतो, त्यामुळे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 420 खालची फसवणूक त्यात बसत नाही, असा निर्वाळा दिला. मंडळाने शिस्तभंगाची कारवाई करावी, इतकेच उरले. न्यायमूर्तींना मी दोष देत नाही. कायद्यात जे आहे तेच त्यांनी वाचले. चूक कायदा न करणाऱ्यांची आहे.

सट्टा वैध करावा असे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेली न्या. लोढा समिती म्हणाली होती. मला ते मुळीच पटत नाही, कारण सट्ट्यात बुडालेली घरे मी पाहिली आहेत. पण निकालनिश्चिती फौजदारी गुन्हा करा, हेही तीच समिती म्हणाली. 2018 मध्ये विधी आयोगाने आपल्या 276 व्या अहवालात तेच सांगितले. 2020 मध्ये आयसीसीच्या तपास अधिकाऱ्यांनी सांगितले की त्यांच्या सुमारे 50 चौकशांपैकी बहुतेकांचे धागे भारतात पोहोचतात आणि भारताने हा कायदा करणे हाच सर्वांत परिणामकारक उपाय ठरेल. श्रीलंकेने तो 2019 मध्येच केला आणि 2023 मध्ये त्याखाली आपल्या माजी कसोटीपटूला अटकही केली.

क्रीडा आणि सट्टा राज्यसूचीत आहेत, हे उत्तर कृपा करून देऊ नका. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे आणि न्याय संहिता संसदेनेच केली आहे.

ज्या मेजर ध्यानचंदांचे नाव 2021 मध्ये आपण खेलरत्नाला दिले, त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते हीरोज मैदान आमच्या झाशीतच आहे. इथल्या मैदानांवर घाम गाळणारी मुले उद्या एखाद्या राज्यस्तरीय लीगमध्ये पोहोचतील. बुकी आता तिथेच माणसे शोधतात, कारण तिथे मानधन तुटपुंजे असते आणि पहारा सैल. 2019 च्या मुंबई टी-20 लीगमध्ये धवल कुलकर्णी आणि भाविन ठक्कर यांच्याशी निकालनिश्चितीसाठी संपर्क साधल्याच्या प्रकरणात एका संघाच्या माजी सहमालकावर मंडळाच्या लोकपालांनी बंदी घातली, ती 2025 मध्ये. सहा वर्षे! नावाजलेल्या खेळाडूंची ही कथा, तर झाशीच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने कुणाच्या भरवशावर तक्रार करायची?

म्हणून कलम असे करा की विकणाऱ्याइतकाच विकत घेणारा, संघमालक असो वा दलाल, त्यात सापडेल. खेळपट्टीची किंवा संघाची आतली माहिती पुरवणाराही सुटणार नाही. तक्रार करणाऱ्या खेळाडूचे नाव गुप्त राहील आणि त्याची संघातली जागा जाणार नाही, याची हमी त्यातच लिहा. आणि मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनो, अशी तक्रार आली की ती आपल्या कपाटात न ठेवता ठरलेल्या मुदतीत पोलिसांकडे द्यायचे बंधन आजच स्वतःवर घालून घ्या. त्यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही.

आपला,
झाशीचा एक मराठी क्रीडाप्रेमी