रजेचे पैसे द्याच, पण रजाही द्या!

१४ एप्रिलला आपण मिरवणुकीत नाचतो. दोराच्या पलीकडे पोलीस शिपाई उभा असतो. त्याच्या नावपट्टीवर कित्येकदा आपल्यातलेच आडनाव असते. जयंती त्याच्याही घरी असते, पण बंदोबस्तात रजा मिळत नाही.

रजेचा नियम स्पष्ट आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे दर सहामाहीला १५ दिवस अर्जित रजा खात्यात जमा होते. साठ्याला ३०० दिवसांची मर्यादा आहे आणि शिल्लक रजेचे रोखीकरण निवृत्तीच्या वेळी होते. शिपाई अर्ज करतो, वरिष्ठ 'मनुष्यबळ नाही' म्हणून तो परत पाठवतात आणि मर्यादेपलीकडची रजा बुडते. नाकारायची सरकारने आणि बुडायची शिपायाची, हा कुठला न्याय? नाकारलेल्या प्रत्येक दिवसाचा मोबदला ही मेहेरबानी नाही, ती थकलेली मजुरी आहे.

पण आम्ही इथेच थांबत नाही. पैसे दिले की रिक्त पदे भरायची गरज उरत नाही, हा हिशेब आम्हाला मान्य नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. त्या काळात, १९४५ साली कारखाना कामगारांना पगारी सुट्टीचा कायदा झाला. १९४६ साली कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्यांनी कामगाराला विश्रांती मिळवून दिली, विश्रांतीची किंमत नव्हे.

पोलीस मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २८ प्रमाणे सदैव कर्तव्यावरच मानला जातो. १९६६ च्या कायद्यामुळे त्याला परवानगीशिवाय संघटना करता येत नाही. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा आला, त्यातूनही पोलीस वगळले गेले. त्याला बोलता येत नाही म्हणून आपण बोलायचे.

काहीजण विचारतील, रमाबाई नगर विसरलात का? नाही. ११ जुलै १९९७ ला तिथे गोळीबारात दहा माणसे गेली. थकवा ही त्याची सबब होऊ शकत नाही आणि आम्ही ती देतही नाही. पण मध्यरात्री ॲट्रॉसिटीची फिर्याद घेऊन ठाण्यात गेलेल्या आपल्या बाईसमोर सोळा तास उभा राहिलेला माणूस बसलेला असतो. वरून झालेला अपमान तो खाली उतरवतो. या उतरंडीची सर्वात खालची पायरी कोण, हे आपल्याला सांगायला नको.

मुंबईत २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. म्हणजे मनात आणले तर जमते. म्हणून आमची मागणी दुहेरी आहे: नाकारलेल्या रजेचे लेखी कारण आणि त्याच वर्षी पैसे, आणि रिक्त पदे भरून प्रत्येकाला वर्षातून किमान पंधरा दिवस सक्तीची रजा. यातले एकच मिळाले, तर ती फसवणूक समजावी.