सोशिकपणाची शिक्षा

अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या नियमांनुसार गर्भाशयातील गाठींचा त्रास सततच्या उपचारांनीही आटोक्यात येत नसेल, तर ३० टक्के अपंगत्व धरले जाते. उपचारांनी येत असेल, तर १० टक्के. मात्र आजार सेवाकाळात जडला वा बळावला, हे सामान्यतः सिद्ध करावे लागते. अडचण येथेच आहे. पुरुषांच्या छावणीत अतिरक्तस्राव मुकाट्याने सोसणाऱ्या स्त्रीची दवाखान्यात नोंद कोठून असणार? सहकाऱ्यांची लेखी साक्ष चालते खरी. परंतु असले दुखणे त्यांना तरी कोण सांगतो? तेव्हा सेवामुक्तीपूर्वी प्रत्येक स्त्रीला याविषयी स्पष्ट विचारून उत्तर नोंदविणे, हे सरकारचेच कर्तव्य ठरते. सैनिकाच्या सोशिकपणाचा गौरव करावयाचा आणि पुढे तोच तिच्याविरुद्ध पुरावा मानावयाचा, हा न्याय नव्हे.