हृदयाला हद्द ठाऊक नसते

संकेश्वरच्या शिवारात पहाटे उसाची मोळी चढविणाऱ्या एखाद्या मजुराच्या छातीत कळ येते. अंगाला दरदरून घाम सुटतो. घरचे म्हणतात, पित्त असेल. जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन होते, सलाईनची बाटली लागते. तासाभरात हातपाय गार पडतात, नाडी हाताला लागेनाशी होते, माणूस असंबद्ध बोलू लागतो आणि मग कुठे वाहनासाठी धावपळ सुरू होते. हे चित्र आम्ही कल्पनेने रंगविले असले, तरी सीमाभागातील वाचकांस ते अपरिचित वाटणार नाही.

वैद्यकशास्त्र या अवस्थेस ‘कार्डिओजेनिक शॉक’ म्हणते. हा मनाला बसलेला धक्का नव्हे. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडून स्नायूचा मोठा भाग निकामी झाला की हृदयाचा पंप दुबळा होतो. वरचा रक्तदाब 90 च्या खाली उतरतो, लघवी कमी होते, मेंदूला रक्त पुरत नाही. आणि रक्तदाब उतरल्याने खुद्द हृदयाचीही उपासमार होऊन ते अधिकच थकते. हृदयविकाराचा तीव्र झटका आलेल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांवर हा प्रसंग ओढवतो, आणि सुसज्ज रुग्णालयांतही त्यांतील चाळीस ते पन्नास टक्के दगावतात.

येथे अज्ञानाची किंमत फार मोठी आहे. जुलाबांनी शरीर कोरडे पडून आलेल्या शॉकमध्ये सलाईन संजीवनी ठरते; पण हृदय थकलेले असता धडाधड चढविलेले तेच पाणी फुप्फुसांत साचून रुग्णास गुदमरवू शकते. जिभेखाली ठेवावयाची गोळी उतरलेला रक्तदाब आणखी उतरवू शकते.

मग उपाय कोणता? 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने त्याचे उत्तर दिले. ज्यांची बंद वाहिनी तातडीने मोकळी केली गेली, त्यांपैकी सहा महिन्यांत सुमारे 50 टक्के दगावले. ज्यांना आरंभी औषधांवरच ठेवले, त्यांपैकी 63 टक्के. महाधमनीत फुगा बसविण्याच्या उपायाने मृत्यू घटत नाहीत, हे 2012 मध्ये दिसून आले. 2024 मध्ये एका चिमुकल्या पंपाने निवडक रुग्णांना लाभ झाला. तरीही त्यांतील 46 टक्के वाचू शकले नाहीत. सारांश, यंत्रे कितीही नवी निघोत, वाहिनी वेळेत उघडणे हाच मुख्य आधार आहे.

संकेश्वरहून बेळगाव पन्नासएक किलोमीटर आणि कोल्हापूर साठ-पासष्ट. दोन्ही शहरांत अँजिओप्लास्टीची सोय आहे, महामार्गही दाराशी आहे. तेव्हा वेळ दवडला जातो तो प्रामुख्याने रस्त्यावर नव्हे, तर उंबरठ्यांवर. पहिल्या दवाखान्यात दहा मिनिटांत ईसीजी निघावा, तो फोनवरून तज्ज्ञास दिसावा, शॉकची लक्षणे असतील तर जेथे अँजिओप्लास्टी होत नाही अशा रुग्णालयात रुग्णास थांबवू नये. तेथे पोहोचण्यास फार विलंब होणार असेल, तर गुठळी विरघळविणारे इंजेक्शन देऊन मगच पुढे धाडावे. गोव्यात लहान रुग्णालयांतील ईसीजी बांबोळीच्या तज्ज्ञांपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था उभी राहिली आहे. कर्नाटकाने 2021 मध्ये अकाली निवर्तलेले अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावे अशीच योजना आखली आहे.

पण प्रत्येक योजनेचा नकाशा आपापल्या राज्यापुरता. 108 ची यंत्रणा निराळी, विम्याची कार्डे निराळी. 2023 मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातील 865 गावांसाठी आरोग्यविम्याची घोषणा केली, तेव्हा कर्नाटकाने तिला आक्षेप घेतला. गोमंतकीयांनीही या बाबतीत फार शिरा ताणू नयेत. 2018 च्या आरंभी परराज्यातील रुग्णांस शुल्क लावले गेले, तेव्हा सिंधुदुर्गात उमटलेली वेदना आम्ही विसरलेलो नाही.

सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. शॉकच्या रुग्णापाशी तेवढा अवकाश नाही. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा यांच्या आरोग्यमंत्र्यांनी एकत्र बसून एवढेच लेखी ठरवावे की, अशा रुग्णास जवळच्या सुसज्ज केंद्रात न्यावे, मग ते कोणत्याही राज्यात असो. वाटेतूनच तेथे वर्दी द्यावी, आणि खर्चाचा हिशेब राज्यांनी मागाहून आपसांत करावा. याने कोणाच्याही दाव्यास बाधा येत नाही.

नागरिकांचे कर्तव्यही सोपे आहे. छातीत दडपण, घाम, गार पडलेले अंग दिसताच पित्ताचे निदान घरी करू नये. रुग्णास चालवू नये, दुचाकीवर बसवू नये. 108 ला हाक द्यावी आणि ईसीजीचा आग्रह धरावा. हिरण्यकेशीकाठच्या त्या मजुरास आपण कोणत्या राज्यात वाचलो याची खंत वाटणार नाही. तो वाचावा, एवढी तजवीज तिन्ही सरकारांनी करावी.